डावा गाल कंपनीचा

"आता मान फिरवते. नीट बघा," राजाबाई म्हणाली आणि स्टुलावर बसल्या बसल्या तिनं आधी उजवा गाल दाखवला, मग डावा. पोलीस ठाण्यात फोटो काढताना दाखवतात तसा.

दुधनीहून लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आलेल्या गुरम्मानं चष्मा वर केला आणि वांगी निवडावीत तसे दोन्ही गाल निरखून पाहिले.

"ह्यो," तिनं शेवटी उजव्या गालाकडं बोट केलं. "ह्याला लावता की न्हाई क्रीम? लई छान हाय बघा."

राजाबाईनं मान सरळ केली. "डाव्याला लावते."

"डाव्याला?" गुरम्मानं परत पाहिलं. मग दुखवट्याला आलेल्या बाईच्या आवाजात म्हणाली, "असू द्या की. वय झालं की होतंय तसं." आणि नुसत्या बांगड्या घेऊन गेली.

या महिन्यात उजव्या गालाकडं बोट करणारी ही काही पहिली बाई नव्हती. पण आज क्रीमच्या कंपनीची मॅडम गाल तपासायला यायची होती.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बडेसाबच्या ‘नगीना लेडीज कॉर्नर’मध्ये राजाबाई बसायला लागली, तेव्हा गिऱ्हाइकं तिला ताई म्हणायची. नंतर मावशी म्हणू लागली. मधला टप्पा कधी गेला ते तिला कळलं नाही. बहुधा जेवायच्या सुट्टीत गेला असावा. दुकान बडेसाबचं, पगार सदाकांती क्रीमच्या कंपनीचा, आणि क्रीम एकाच गालाला लावायची अक्कल बडेसाबची. "दोन्हीला लावलं तर फरक कुणाशी करणार?" असं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, आणि कंपनीच्या एवढ्या शिकलेल्या माणसांनी ते वहीत लिहून घेतलं होतं. त्या दिवसापासून राजाबाईचा डावा गाल नोकरीला लागला. अर्धा चेहरा कामावर, पगार मात्र पुरा.

नोकरी तिनं चोख केली. सकाळ-संध्याकाळ डाव्या गालाला क्रीम, नाकाच्या मध्यावर हद्द. उजव्याला आंघोळीचं पाणी सोडून काही नाही. लेकीच्या लग्नातसुद्धा तिनं उजव्या गालाला बोट लावू दिलं नाही. पाहुण्यांना वाटलं, नवस असेल. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावा म्हणून बडेसाबनी स्टूल काचेला लावून ठेवलं होतं, डावा गाल रस्त्याकडं. उजवा आत, कपाटाच्या सावलीत.

क्रीमबरोबर कंपनीचं पत्रक वाटायचं असे. चेहरा दिवसातून चार वेळा धुवा. भरपूर पाणी प्या. आठ तास झोपा. चिंता करू नका. बाहेर पडताना चेहरा झाकून घ्या. भवानी पेठेत नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं पहिली सूचना राजाबाई गिऱ्हाइकाचा पत्ता विचारून मगच सांगायची. चौथी तिनं कधीच कुणाला सांगितली नाही. चिंता करू नका म्हटलं की बाया तिथंच काउंटरवर चिंता सांगायला लागत, आणि मागं रांग वाढे.

सुरुवातीची वर्षं फरक खरंच दिसायचा. डावा गाल तुकतुकीत, उजवा नुसता गाल. मग पन्नाशी आली. म्हातारपण काही डावं-उजवं करत नाही. ते दोन्हीकडून सारखं यायला लागलं. हल्ली तर आरशात बघताना तिला वाटायचं, डावीकडं जरा जास्तच आलंय. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. फरक गेला म्हणजे बाई गेली, एवढं तिला कळत होतं. घरी नवरा बसून होता. मल्लप्पाचा यंत्रमाग बंद पडला होता, आणि बंद पडण्याआधी त्या खडखडाटानं त्याचा उजवा कान नेला होता. घर चालायचं ते या एका गालावर.

अपेक्षा मॅडम तीनच्या सुमारास पुण्याहून आल्या. पंचविशीची पोरगी, घामानं भिजलेली, हातात केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी.

"मावशी, टेन्शन नका घेऊ. हे फक्त त्वचेचं वय सांगतं."

"माझं वय माहीत हाय की मला. त्रेपन्न."

"ते तुमचं झालं. हे गालाचं."

यंत्र उजव्या गालाला टेकवलं. एकोणपन्नास. डाव्याला टेकवलं. एकसष्ट.

मॅडमनी यंत्र झटकलं, ओढणीला पुसलं, परत लावलं. एकसष्ट. यंत्र बिघडलं की काय ते बघायला त्यांनी ते बडेसाबच्या गालाला लावलं. बडेसाब सत्तरीचे, जन्मभर आतल्या अंधारात गल्ल्यावर बसलेले. यंत्रानं त्यांना बेचाळीस दिले. त्या क्षणापासून बडेसाबचा यंत्रावर पूर्ण विश्वास बसला.

"मशीन एक नंबर आहे मॅडम," ते म्हणाले.

मॅडमचं लक्ष काचेकडं होतं. काचेतून उन्हाचा एक लांब पट्टा आत आला होता आणि बरोबर राजाबाईच्या डाव्या गालावर येऊन बसला होता.

"मावशी, तुम्ही रोज इथंच बसता?"

"व्हय."

"या उन्हात?"

"तीनपास्नं येतंय. गिऱ्हाईक बी तवाच येतंय."

"अहो, पण पत्रकात लिहिलंय ना, बाहेर पडताना चेहरा झाकून घ्या म्हणून!"

"बाहेर झाकतेच की पदरानं. मी तर आत बसलीय."

पुण्याच्या ऑफिसात पत्रक लिहिणाऱ्याला सोलापूरचं ऊन दुकानात शिरतं हे माहीत नसणार. उजवा गाल एवढी वर्षं सावलीत होता, बस्स. आणि सावली काही कंपनी तयार करत नव्हती.

"मला रिपोर्ट द्यावा लागेल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "फरक उलटा आलाय. ही जागा बंद होणार मावशी. सॉरी."

राजाबाईनं मान हलवली. गिऱ्हाइकाला उरलेले सुटे परत करावेत तेवढ्याच सवयीनं.

"उलटा कशाला?" बडेसाब गल्ल्यावरून उठले. बेचाळिशीच्या माणसाच्या चपळाईनं उठले. "फरक तर आहे की! बारा वर्षांचा आहे! फक्त म्हणायचं, क्रीम उजव्याला लावत होती. कोण बघायला आलंय?"

मॅडमनी यंत्रावरचे दोन्ही आकडे परत बघितले.

"बारा वर्षं," मॅडम पुटपुटल्या. "एवढा आकडा आमच्याकडं कुणाचाच नाही." त्यांनी मोबाइल काढला. "मावशी, एकच वाक्य बोलायचं. ‘मी उजव्या गालाला सदाकांती लावते.’ व्हिडिओ पुण्याला पाठवते. तुमची जागा राहील, आणि माझीपण."

"स्टूल फिरवू," बडेसाब म्हणाले. "आता उजवा गाल रस्त्याकडं. राजाबाई, उठा."

राजाबाई उठली. एवढी वर्षं कुणी उठा म्हटलं की ती उठत आलेली होती. बडेसाबनी स्टूल फिरवलं, ती बसली, आणि उन्हाचा पट्टा उजव्या गालावर आला. तव्याजवळ गेल्यावर लागते तशी झळ लागली. डाव्याला ती जाणवायची कधीच बंद झाली होती.

तिला मल्लप्पा आठवला. त्याला फक्त डाव्या कानानं ऐकू येतं, म्हणून ती कायम त्याच्या डाव्या हाताला बसते. दारात, जेवताना, एसटीत. तिकडं बसलं की त्याच्याकडं येतो तो उजवा गाल. क्रीमचा गाल सगळ्या सोलापूरनं बघितला होता. ह्या गालाशी तो एकटाच बोलायचा.

"बोला मावशी. सुरू केलंय."

"न्हाई," राजाबाई म्हणाली.

"‘न्हाई’ नाही, ‘उजव्या गालाला’ म्हणा."

"ह्यो गाल न्हाई मिळायचा."

"अहो का?"

"घरचा हाय."

बडेसाबनी कपाळाला हात लावला. "राजाबाई, नुसतं एक वाक्य आहे. गालाला काय घर असतंय?"

"असतंय भाई." तिनं क्रीमच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं, बरणी मॅडमच्या हातात दिली. "डावा ठेवा तुमी. तुमचाच हाय त्यो. एकसष्टाचा का हुईना."

मॅडमनी मोबाइल बंद केला. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण तेवढ्यात एक बाई टिकल्या मागायला आली, आणि सवयीनं राजाबाईनंच तिला टिकल्या काढून दिल्या. मग पिशवी उचलली.

घरी पोचली तेव्हा मल्लप्पा दारात खुर्ची टाकून बसला होता. गल्लीत उन्हं कलली होती, तरी जोर होता. रोज ती त्याच्या मागून वळसा घालून पलीकडं पाटावर बसायची. आज वळसा घालायचं त्राण नव्हतं. ती त्याच्या उजव्या हाताला, उंबऱ्यावरच टेकली.

"लवकर आलीस की," मल्लप्पा म्हणाला.

"गेली नोकरी," राजाबाई म्हणाली.

"आं?"

ती परत बोलली नाही. मल्लप्पा ऐकायला म्हणून वळला, आणि वळला तो बघतच राहिला. संध्याकाळच्या उजेडात हा गाल त्यानं इतक्या जवळून कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. डाग, बारीक सुरकुत्या, डोळ्याखालची काळपट कातडी.

"उन्हात बसली हुतीस व्हय?"

राजाबाईनं गल्लीकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "जरा येळ."

मल्लप्पा उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. त्यानं खुर्ची उचलली, तिला वळसा घातला, आणि उन्हाच्या बाजूला टाकून बसला. त्याची सावली तिच्या उजव्या गालावर पडली.

"आता सांग," तो म्हणाला.