सहापैकी चौथा

निशिकांत देवस्थळीने आयुष्यात एकही प्रश्न कोरा सोडला नव्हता, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! सातवीच्या स्कॉलरशिपला तो जिल्ह्यात नववा आला होता. त्याचं श्रेय तो शेंडेबाईंच्या शिकवणीला द्यायचा. उत्तर येत नसेल तर जे नक्की चूक आहेत ते पर्याय खोडत जायचे, शेवटी उरेल त्यावर खूण करायची, पण जागा रिकामी ठेवायची नाही. तीच युक्ती तो आता पुंगोलच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गार्गीला शिकवत होता. गार्गी सहावीत होती, आणि सिंगापुरात सहावीची परीक्षा एकट्या मुलाची नसते, अख्खं घर तिला बसतं.

"पण बाबा, इफ आय रिअली डोन्ट नो?"

"मग खोडायला लाग. चारातलं एक बरोबर असतंच."

"सो शुअर, ना," गार्गी म्हणाली आणि पेन्सिल चावू लागली.

२०१६च्या मार्चमधली ही शनिवारची सकाळ. तेवढ्यात त्याच्या फोनवर मेल आली. डेनीस हॅलम नावाच्या अमेरिकेतल्या वकीलबाईंची. विनाकारण तुरुंगात पडलेल्या लोकांच्या केसेस त्यांची संस्था फुकट लढत असे. लॉरेन्स बीमन हे नाव आपल्याला आठवतं का, असं बाईंनी विचारलं होतं.

न आठवायला काय झालं? तेरा वर्षांपूर्वी भर कोर्टात बोट दाखवून निशिकांतनेच त्याला जन्मठेपेवर धाडलं होतं.

तेव्हा निशिकांत सव्वीस वर्षांचा होता, कंपनीने अमेरिकेत ऑनसाइट पाठवलेला. शहर मध्यम, थंडी अफाट. चार इंजिनिअर एका अपार्टमेंटमध्ये राहायचे, आणि मुकुल नावाच्या सीनियरने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "रुळांच्या पलीकडे जायचं नाही. तिकडे सगळे कल्लू राहतात." निशिकांत हसला होता. स्वतःचा रंग असा की आईने गोऱ्या सुनेचा ध्यास घेतलेला, तरी हसला.

रुळांच्या अलीकडे, पेट्रोल पंपाला लागून किरीटभाईंचं दुकान होतं. मेधाशी नुकतंच लग्न ठरलं होतं, तिला फोन करायला निशिकांत तिथून कार्डं घ्यायचा. किरीटभाई "बहू कैसी है?" विचारायचे आणि पिशवीत एक चॉकलेट जास्तीचं टाकायचे. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो दुकानाच्या दाराशी पोचला आणि आतून फटाका फुटल्यासारखा आवाज आला. दार ढकलून एक उंच माणूस बाहेर आला, याच्या खांद्याला धडकला आणि पळाला. डोक्यावर हुड. काळा माणूस होता, एवढंच दिसलं. किरीटभाई काउंटरमागे पडले होते. ते वाचले नाहीत.

तिसऱ्या दिवशी डिटेक्टिव्हने त्याच्यापुढे सहा फोटो मांडले. सगळे काळे पुरुष, वरच्या ओळीत तीन, खालच्या ओळीत तीन. ही तर प्रश्नपत्रिकाच झाली! यातला कोणीच नाही, असंही उत्तर असू शकतं, हे जिल्ह्यात नवव्या आलेल्या या शहाण्याच्या डोक्यातही आलं नाही. पोलिसांनी पेपर काढलाय म्हणजे उत्तर त्यात असणारच. त्याने खोडायला सुरुवात केली. पहिला फार जाड. दुसऱ्याला मिशी. पाचव्याचं वय जास्त. सहाव्याच्या गालावर व्रण, तो दिसला असता. उरले तिसरा आणि चौथा. थोडं थांबून त्याने चौथ्यावर बोट ठेवलं.

"खात्री आहे?" डिटेक्टिव्हने विचारलं.

"शंभर टक्के."

डिटेक्टिव्हने त्याच्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगा, निशिकांतला पेपर चांगला गेल्याचा आनंद झाला होता.

कोर्टात बारा ज्युरर बसले होते, त्यातले अकरा गोरे. लॉरेन्स त्या संध्याकाळी आपल्या घरी होता असं त्याची मावशी शपथेवर सांगत होती, पण तिचं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही. सूट घातलेला, शिकलेला, कोणाशी वैर नसलेला हा परदेशी इंजिनिअर मात्र सगळ्यांना पटला. पिस्तूल सापडलं नव्हतं, बोटांचे ठसे जुळले नव्हते. बावीस वर्षांचा लॉरेन्स आत गेला तो गेला. निशिकांत आधी पुण्याला परतला, मग लग्न, मग सिंगापूर, मग गार्गी.

डेनीसबाईंनी मेलच्या शेवटी लिहिलं होतं, "त्याच्याविरुद्ध पुरावा एकच आहे, मिस्टर देवस्थळी. तो म्हणजे तुम्ही."

मेधाने मेल वाचली आणि फोन उलटा करून ठेवला. "आपला पीआरचा, इथे कायम राहण्याचा अर्ज आत आहे, निशी. उद्या कोणी म्हटलं की याने अमेरिकेत खोटी साक्ष दिली, तर? आणि तू काय मुद्दाम केलंस का?"

मुद्दाम केलं नव्हतं. या एका वाक्याच्या आधारावर त्याने तीन आठवडे काढले. चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत त्याचं कामच दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं होतं. रोज सकाळी तो जाऊन इमानेइतबारे शोधायचा. संध्याकाळी घरी येताना एलआरटी गाडीच्या खिडकीशी उभं राहिलं की लॉरेन्सची मावशी आठवायची. कोर्टातून बाहेर पडताना ती त्याच्याजवळ थांबली होती. शिव्या देईल असं वाटलं होतं. तिने फक्त त्याच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं होतं.

शेवटी त्याने डेनीसबाईंना कळवलं, बोलू या.

बोलणं ठरलं शनिवारी सकाळी आठला, तिकडच्या शुक्रवारी संध्याकाळी. मेधा ओट्यापाशी पोह्यांना फोडणी देत होती, पण कान इकडेच होते. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गार्गी पेपर सोडवत होती. निशिकांतने सगळं सांगितलं. अंधार, हुड, शेंडेबाईंची युक्ती, सगळं. डेनीसबाई भराभर लिहून घेत होत्या.

"म्हणजे तिसरा आणि चौथा उरले," त्या म्हणाल्या. "मग चौथाच का? जे असेल ते सांगा. कितीही साधं असो, कितीही वाईट असो. मला खात्री नव्हती, एवढं सगळेच साक्षीदार नंतर म्हणतात, न्यायाधीश ऐकत नाहीत. चौथ्यावर बोट का गेलं, हे त्यांना ऐकायचं असतं."

निशिकांतला ते माहीत होतं. तेरा वर्षं माहीत होतं. तिसरा तरुण उजळ होता आणि चौथा जास्त काळा होता. बस, एवढंच. दोघांपैकी एक खुनी निवडायचा होता आणि त्याने जो जास्त काळा तो निवडला, स्थळं बघायला बसलेली आई फोटो बाजूला करायची तितक्या सहज.

त्याने समोर पाहिलं. गार्गीचं कोपर कागदावर टेकलं होतं. रंग तिने बापाचाच घेतला होता. फेब्रुवारीत वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला होता, "लाइट घालवला तर तू दिसणारच नाहीस, लाह!" तेव्हा निशिकांतने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शाळेत गेला आणि रंगावरून माणसाला जोखणं म्हणजे काय असतं, हे टीचरला वीस मिनिटं उत्तम इंग्रजीत समजावलं. मुलाने माफी मागितली. गार्गी आठवडाभर सगळ्यांना सांगत होती, माय डॅड सेटल्ड इट. ती आत्ता ऐकत होती, आणि इंग्रजी तिला बापापेक्षा चांगलं कळत होतं.

"आता आठवत नाही," निशिकांत म्हणाला.

डेनीसबाईंनी पेन खाली ठेवलं. "नक्की?"

"शंभर टक्के."

ॲफिडेव्हिट तयार होऊन आलं. एका दुपारी नोटरीच्या ऑफिसात जाऊन त्याने सही केली. मला खात्री नव्हती, मी चेहरा पाहिला नव्हता, मी फक्त पर्याय खोडत गेलो, असं त्यात होतं. बाहेर येऊन त्याने कॉफीच्या दुकानात नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाल्ला आणि कितीतरी दिवसांनी त्याला खरी भूक लागल्यासारखं वाटलं. मेधालाही त्याने फोन करून सांगितलं, झालं एकदाचं. आपण धैर्य दाखवलं असंच बिचारा समजत होता!

निकाल सप्टेंबरात आला, गार्गीची लेखी परीक्षा चार दिवसांवर असताना. तो त्याने ऑफिसात उघडला. न्यायाधीशांनी सुनावणीसुद्धा न घेता लॉरेन्सचा फेरखटल्याचा अर्ज फेटाळला होता. घटनेनंतर तिसऱ्या दिवशीची आठवण तेरा वर्षांनंतरच्या आठवणीपेक्षा जास्त भरवशाची, असं त्यांनी म्हटलं होतं. साक्षीदार सुशिक्षित आणि विचार करून बोलणारा आहे, त्याला खोटं बोलण्याचं कारण नव्हतं. आणि पुढे लिहिलं होतं: "शेवटच्या दोन फोटोंपैकी चौथाच का निवडला याचं दुसरं काहीही कारण साक्षीदार आजही देऊ शकत नाही. तेव्हा ओळख पटली म्हणूनच निवडला, असं मानणं भाग आहे."

निशिकांत टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावून रडला. मग तिथेच बसून फोनवर डेनीसबाईंना सगळं लिहिलं. तिसरा, चौथा, उजळ, काळा, मुकुल, कल्लू. मी पुन्हा सही करतो, वाटेल तिथे येतो, माझं नाव छापा, पण हे न्यायाधीशांना सांगा.

उत्तर दोन दिवसांनी आलं. अपील करू, पण अपिलात नवीन काही घालता येत नाही, असं डेनीसबाईंनी लिहिलं होतं. नवा अर्ज याच साक्षीदारावर उभा राहत नाही. त्याला जे आधीच माहीत होतं ते आधीच सांगायला हवं होतं, असा नियम आहे. त्यांनी रागाचा एक शब्दही वापरला नव्हता. खाली फक्त एवढंच होतं, "मी तुम्हाला विचारलं होतं."

त्या संध्याकाळी गार्गीने शेवटचा सराव-पेपर त्याच्यापुढे सरकवला. चौदावा प्रश्न कोरा होता.

"दोन खोडले," ती म्हणाली. "बाकीचे दोन सेम-सेम वाटतात. मग काय करायचं?"

निशिकांतने कागद बाजूला ठेवला. मग त्याने तिला सांगायला सुरुवात केली. हळूहळू, मराठीतून, पहिल्यापासून. मेधा दाराशी येऊन उभी राहिली, पण तिने थांबवलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या फोटोपाशी तो अडखळला, तरी या वेळी त्याने गाळलं नाही.

गार्गीने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, रागावलीही नाही. ते झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग आता जजला सांग ना," ती म्हणाली. "लाइक यू टोल्ड माय टीचर."

"सांगितलं. आता ते ऐकत नाहीत. विचारलं होतं तेव्हा मी बोललो नाही."

"का?"

"तू इथे बसली होतीस."

गार्गीने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"सो लॉरेन्स जेलमध्येच राहणार? कधीपर्यंत?"

"मरेपर्यंत," निशिकांत म्हणाला. या उत्तराची मात्र त्याला खात्री होती.