भडगावचं इनुइट धनुष्य

मी धनुष्य बोलतोय. राहायला भडगावात, गिरणेच्या काठी, झुंबरबाईच्या घरात. सुपाशेजारच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आधी माझ्याकडे बघतो आणि मग विचारतो, "हे काय, शोभेचं आहे का?" ते ऐकलं की माझ्या अंगात कळ उठते. शोभेचा मी नाही. मला असं शांत टांगून राहता येत नाही.

माझं लाकूड इथलंच, पण माझी घडण फार लांबची. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखात इनुइट लोक राहतात. तिथं झाडं उगवत नाहीत. समुद्राच्या लाटांबरोबर वाहून आलेलं लाकूड हाती लागेल तेवढंच. ते ठिसूळ असतं, वाकवलं की मोडतं. म्हणून त्यांच्या जुन्या शिकाऱ्यांनी एक युक्ती काढली. जनावराच्या पाठीच्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे चिवट पट्टे, वाळवून, त्यांचे धागे काढून, वेणीसारखी तात वळायची आणि ती धनुष्याच्या पाठीवर घट्ट बांधायची. मग ताण लाकडावर येत नाही, तात तो झेलते. ही माहिती मला समीक्षाकडून मिळाली. काम करताना तिला मोठ्यानं बोलायची सवय आहे.

समीक्षा ही झुंबरबाईची मुलगी. जळगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. त्याआधी ती तिरंदाज होती, राज्याच्या संघातून खेळलेली. मग उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी स्पर्धेचं धनुष्य कायमचं बंद केलं. धनुष्य बंद झालं, पण हात थांबेनात. फळ्यावर लिहिताना, बसची वाट बघताना, जेवताना तिच्या उजव्या हाताची तीन बोटं आपोआप वाकायची, न दिसणारी दोरी धरल्यासारखी.

एकदा मोबाइलवर तिला एका म्हाताऱ्या इनुइट कारागिराचा व्हिडिओ दिसला. तो हाडाच्या छोट्या काडीनं पाठीवरच्या तातीला पीळ देत होता. पीळ वाढवला की धनुष्य कडक, उतरवला की मऊ. समीक्षा खाटेवर उठून बसली. म्हणजे खांद्याला झेपेल तेवढंच कडक धनुष्य करता येतं! तिथून तिच्या डोक्यात मी शिरलो तो शिरलोच.

मी तेव्हा भडगावला सरपणात पडलो होतो. पावसाळ्यात गिरणेला पूर आला, तेव्हा कुठल्या तरी वरच्या गावातून सागाची एक फळी वाहत आली. झुंबरबाईनं ती ओढून काढून अंगणात वाळत टाकली होती. तीच मी. दिवाळीला समीक्षा घरी आली तेव्हा झुंबरबाई कुऱ्हाड घेऊन माझ्याच पुढ्यात उभी होती.

"आई, थांब! ही मला दे."

"चुल्हामा घालाले आनेल शे ती," झुंबरबाई म्हणाली. "काय करशी तिनं?"

"धनुष्य."

"डॉक्टरनी नही सांगेल शे ना तुले?"

"त्यांनी मोठ्या धनुष्याला नाही म्हटलंय. हे वेगळं आहे."

झुंबरबाईनं कुऱ्हाड खाली ठेवली, पण तिला पटलं नव्हतं. तिच्या तोंडावरून मला ते कळलं.

हिवाळाभर मी जळगावात घडलो, समीक्षाच्या भाड्याच्या खोलीवरच्या गच्चीत. पटाशी, रंधा, काचेचा तुकडा, मग पॉलिश पेपर. तिनं माझे तीन तुकडे केले, ते म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्यांनी जोडले आणि सांधे दोऱ्यानं आवळले. उंचीनं मी तिच्या कमरेच्या थोडा वर. बाण बांबूचे केले, टोकाला शिंगाचे बोथट मणी, मागे कोंबडीची दोन दोन पिसं. ती भराभर काम करायची. इतकी भराभर की दोनदा पटाशी बोटाला लागली. मलाही तिची घाई लागली होती. अजून पाठीवर तात नव्हती, आणि तातीशिवाय मी नुसती वाकडी फळी होतो.

तातीवरूनच सगळं बिनसलं. खोलीचे मालक हस्तीमलकाका, किराणा मालाचे व्यापारी. खाली ते आणि त्यांच्या पत्नी जतनबाई राहायचे. समीक्षाला त्यांनी लेकीसारखं ठेवलं होतं. आजारी पडली तर जतनबाई वर मुगाची खिचडी आणून द्यायच्या. उन्हाळ्यात समीक्षानं खाटकाकडून म्हशीच्या पाठीच्या शिरा आणल्या, खरवडून धुतल्या आणि गच्चीवर दोरीला वाळत घातल्या. त्याच गच्चीवर जतनबाईंचे उडदाचे पापड वाळत होते. समीक्षाच्या ते ध्यानातच आलं नाही. तिला फक्त ऊन दिसत होतं.

जतनबाई पापड उलटायला आल्या आणि पापड तसेच टाकून खाली गेल्या. थोड्या वेळानं हस्तीमलकाका वर आले.

"हे काय वाळत घातलंय, बेटा?"

"शिरा आहेत, काका. म्हशीच्या. धनुष्याला लागतात."

ते मागे सरले. "माझ्या गच्चीवर? पापडाशेजारी? आम्ही घरात कांदा आणत नाही, तुला ठाऊक आहे."

"चुकलं माझं, काका. खरंच चुकलं. आत्ता काढते."

तिथेच मिटलं असतं. ती शिरा काढायलाही लागली होती. पण हस्तीमलकाकांचा राग उतरला नव्हता. ते जिन्याशी जाऊन वळले. "तुम्हा लोकांना खोली देऊ नको, असं मला सगळे सांगत होते."

समीक्षाचे हात थांबले. "तुम्ही लोक म्हणजे कोण, काका?"

 ते खाली बघत जिना उतरून गेले. समीक्षानं शिरा पिशवीत भरल्या, मला चादरीत गुंडाळलं आणि त्याच संध्याकाळी भडगावची बस धरली. शाळेला सुट्टी लागलीच होती. बसभर ती मला मांडीवर घट्ट धरून होती. तिची बोटं चादरीवरून मला दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती.

भडगावच्या घरात, बुद्धाच्या तसबिरीखाली बसून ती शिरांचे धागे सोलू लागली. धागे एकामागून एक तुटत होते. झुंबरबाई चहा घेऊन आली आणि बघत राहिली.

"का व माय, कोनी काय बोलनं का तुले?"

समीक्षानं सगळं सांगितलं. झुंबरबाईनं चहाचा कप खाली ठेवला. मग तिनं लेकीच्या हातातले धागे काढून घेतले. "आन इकडे. धागा वढानी गोट नही शे, वळानी शे. तुना हात आज नही चालाव."

तीन तीन धाग्यांची वेणी तिनं वळायला घेतली. तोंडातल्या थुंकीनं धागा ओला करायची, मांडीवर फिरवायची आणि हसायची. "लाकूडले येणी घालनारी मी पहिलीच व्हसू भडगावमा!"

तात पाठीवर चढली आणि मला पहिल्यांदा आपण कोण आहोत ते समजलं. समीक्षानं दोन्ही टोकं वाकवून दोरी चढवली. माझं अंग कण्हलं, पण मोडलं नाही.

पहाटेच्या गारव्यात ती मला नदीकाठी घेऊन गेली. कडबा भरलेलं एक गोणपाट बाभळीला बांधलं. पहिला बाण गोणपाटापर्यंत पोचलाच नाही. दुसरा पोचला. तिसरा मधोमध लागला, तेव्हा ती जोरात ओरडली आणि नदीतले बगळे उडाले.

इथं थांबायला हवं होतं. मी थांबलो असतो असं मात्र म्हणत नाही. मलाही आणखी ताण हवा होता. रोज ती शिंगाच्या काडीनं तातीला थोडा पीळ वाढवायची. रोज बाण थोडा लांब जायचा. रोज घरी आल्यावर ती डाव्या हातानं उजवा खांदा दाबत बसायची आणि आईनं विचारलं की म्हणायची, "काही नाही, थोडं आखडलंय."

शेवटी तिनं मला पार गोणपाटाच्या मागच्या बांधापर्यंत बाण फेकायला लावायचं ठरवलं. पीळ इतका दिला की शिंगाची काडी तिच्या बोटात रुतली. दोरी ओढली. तिच्या खांद्यात काहीतरी कचकन झालं आणि त्याच क्षणी माझं लाकूड मधोमध उभं चिरलं. तातीनं मला धरून ठेवलं म्हणून ढलप्या तिच्या डोळ्यात गेल्या नाहीत. ती वाळूत बसली आणि रडली. खांद्यासाठी की माझ्यासाठी, मला कळलं नाही.

डॉक्टरांनी हात गळ्यात बांधला. शाळा सुरू व्हायच्या आधी ती सामान आणायला हस्तीमलकाकांकडे गेली. तिथं काय झालं ते तिनं नंतर आईला सांगितलं. हस्तीमलकाका दारातच उभे होते. तिचा बांधलेला हात बघून आधी त्यांनी खुर्ची दिली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते वाईट बोललो. झोप लागली नाही मला. जतनबाईही माझ्याशी नीट बोलत नव्हती." आणि थोडं थांबून, "पण शिरा माझ्या गच्चीवर नको, बेटा. ते माझ्यानं होणार नाही."

"नाही आणणार," समीक्षा म्हणाली. "धनुष्यही नाही आणणार. पण तुमचं ते बोलणं मला अजून टोचतंय, काका."

"टोचू दे. मलाही टोचतंय."

ती तिथेच राहिली. खिचडी पुन्हा वर येऊ लागली. मी मात्र भडगावातच, चिरलेला, खुंटीवर. ती घरी यायची, पण माझ्याकडे बघायची नाही. माझ्या समोरून जाताना मान वळवायची. ते दिवस मला सोसले नाहीत.

एका दुपारी झुंबरबाईनंच मला खाली काढलं. चिरेवरून बोट फिरवलं. उरलेल्या तातीचे वेढे चिरेवर देत बसली. मग पाठीचा पीळ उतरवला, दोरी चढवली, अंगणात गेली आणि बाण सोडला. तो शेजारच्या कौलावर जाऊन पडला. तिनं लेकीला फोन लावला. "ये व माय. मना बान कोठेबी जाई ऱ्हायना. शेजारीन शिव्या देस."

रविवारी समीक्षा आली. आईच्या मागं उभी राहिली. "खांदा खाली, आई. श्वास सोड. आता नको ओढू, आधी बघ." तिचा आवाज मैदानावरच्या शिक्षिकेचा होता, आणि त्या आवाजात घाई नव्हती. झुंबरबाईचे खांदे कापूस वेचून तयार झालेले. बाण गोणपाटाच्या कडेला लागला.

"लागना! दखा, लागना!" झुंबरबाई नाचायचीच बाकी राहिली.

समीक्षा हसली. मग तिनं माझी दोरी उतरवली. "चढवून ठेवायचं नाही, आई. लाकूड थकतं."

झुंबरबाईनं लेकीकडे बघितलं. "अन् तू तुनी दोरी कव्हय उतारशी?"

समीक्षानं मला खुंटीवर टांगलं. मग ती खाटेवर बसली, आणि जेवण होईपर्यंत उठली नाही.

आता समीक्षाच्या शाळेला प्रदर्शनासाठी मी हवा आहे, तिथं मला काचेच्या पेटीत ठेवायचं चाललंय. समीक्षाला ते पसंत आहे की नाही, तिनं अजून सांगितलेलं नाही. म्हणून मी तुम्हाला विनवतो. काचेत मला बघायला येऊ नका. कधी रविवारी भडगावला या. झुंबरबाई अंगणात असेल. तिला म्हणा, एकदा ओढून बघू का? ती नाही म्हणणार नाही. चीर पडलेली आहे, जपून ओढा. पण ओढा.