कारणाचा रकाना

"औंदा भुईमूग किती, अक्का?" सोमशेखरनं तक्त्यावर पेन टेकवून विचारलं.

"न्हाय केला," दानम्मा म्हणाली. "सगळ्यात ऊसच लावला."

सोमशेखर कोल्हापूरच्या कचेरीतला पाहणी कर्मचारी. नेसरीतल्या या घरी नऊ वर्षं येत होता. परदेशातून येणाऱ्या तेलावरची जकात उतरली की इथल्या माणसाची भुईमूग करायची उमेद किती घटते, ते पुण्यातले अर्थतज्ज्ञ मोजत. त्यासाठीची माहिती तो दारोदार फिरून गोळा करी. पीक बदललं असेल तर कारणाचाही रकाना होता. त्यात चार पर्याय.

नवऱ्यामागं दोन एकर एकटीनं सांभाळणाऱ्या दानम्मानं सांगितलं, की पामतेल आल्यापासून गडहिंग्लजचा घाणेवाला शेंगांना दरच देत नाही. सोमशेखरनं 'दर' या शब्दापुढं खूण केली. ती कागदाकडं बघतच राहिली.

"एवढंच ल्हिवलंस व्हय, सोमण्णा?"

"अजून काय हाय?"

"शेंगा तोडाय बायका यायच्या. पंधरा दिस अंगण भरल्यालं असायचं. उसाला टोळी येती, रान मोकळं करून जाती. बोलाय कोण ऱ्हायलं न्हाय."

त्याला रकाना नव्हता. त्यानं ते समासात लिहिलं. कचेरीत साहेबांनी ती ओळ खोडली. रागावले नाहीत, हे मोजायचं कशात, एवढंच विचारलं. अंगणातल्या त्या बायका सोमशेखरला दरवर्षी पेन खाली ठेवायला लावत आणि शेंगा तोडायला बसवत. कोल्हापुरातल्या खोलीवर एकट्यानं जेवताना त्याच्या लक्षात आलं, आपण वर्षभर त्या एका दुपारची वाट बघायचो.

पुढच्या वर्षी तो गेला, तेव्हा दानम्मानं बांधाकडेच्या पाच गुंठ्यांत भुईमूग केला होता. तेवढ्यानं पुण्याच्या हिशेबात काही हलणार नव्हतं. अंगणात उपटलेल्या वेलांचा ढीग होता आणि तोडायला एकटी अंबूबाई. बाकीच्या काजूच्या कारखान्यात जाऊ लागल्या होत्या.

सोमशेखरनं तक्ता पिशवीत ठेवला आणि खाली बसला. कुणाची सून बाळंत झाली, कुणी घर बांधलं, अंबूबाई सांगत होती. ऊन कलायच्या आतच ढीग निम्म्यावर आला. दानम्मानं हात थांबवला. उरलेले वेल ओढून घेतले, त्यांवर पोतं टाकलं.

"ऱ्हाऊ दे, अंबू. समदं आजच नगं. उद्या ये की."

अंबूबाईनं हातातला वेल पोत्याखाली सरकवला.