दिवा विझला की चाळीस

बापूसाहेबांच्या नातीचे, अदितीचे बारसे ज्या वर्षी झाले, त्याच वर्षी मी अकोल्याला आले. बारशाची चांदीची वाटी आणायला बापूसाहेब अमरावतीला गेले होते. येताना ते वाटीबरोबर मलाही घेऊन आले. घरी गोदावरीबाईंनी आधी माझ्यावरचा कागद सोडला, मला उलटीसुलटी करून पाहिले आणि विचारले, "अहो, नातीला यातून दूध पाजायचं का?"

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे. मला विस्कोमीटर म्हणतात. माझा आकार इंग्रजी यू अक्षरासारखा आहे. माझ्या एका बाजूला एक फुगा आहे. फुग्याच्या वर एक रेघ आहे आणि खाली एक रेघ आहे. त्याच्याखाली माझी वाट अगदी अरुंद होते. द्रव वरच्या रेघेच्या वर ओढून सोडून द्यायचा आणि खालच्या रेघेपर्यंत यायला त्याला किती वेळ लागतो ते पाहायचे, एवढेच माझे काम. पातळ द्रव धावत येतो. दाट द्रव रेंगाळत येतो. पुस्तकात या गुणाला श्यानता म्हणतात. बापूसाहेब सोपे करून दाटपणा म्हणत.

मला निवडले ती गोष्टही सांगते. दुकानदाराने आमची सगळी ओळ काउंटरवर मांडली आणि म्हणाला, "सर, कोणतीही घ्या. सगळ्या सारख्याच." तेवढ्यावरून बापूसाहेबांना त्याचा संशय आला. आम्ही सारख्या नव्हतो. कोणाची वाट केसाएवढी होती, कोणाची काडीएवढी. पातळ द्रवाला बारीक वाट लागते, दाट द्रवाला मोठी. नाही तर पातळ द्रव डोळा लवायच्या आत निघून जातो आणि दाट द्रव संध्याकाळपर्यंत अडून बसतो. बापूसाहेबांना यंत्रांच्या तेलासाठी नळी हवी होती. त्यांनी एकेकीला उजेडात धरून आत चीर आहे का, बुडबुडा आहे का, ते पाहिले. शेवटी मला घेतले, पण विश्वास ठेवला नाही. घरी आल्यावर ठरलेल्या दाटपणाचे तेल माझ्यातून सोडून पाहिले आणि मगच मला स्टँडवर जागा दिली.

बापूसाहेबांनी कॉलेजातली नोकरी सोडून जठारपेठेतल्या घरामागे पत्र्याच्या खोलीत लहानशी प्रयोगशाळा काढली होती. तिथे माझे सोबती होते. रंग मोजायला बुडाशी भोक असलेला पितळी पेला होता. मध आणि काकवी मोजायला एक उंच नळकांडे होते, त्यात पोलादी गोळी सोडत. प्रत्येकाचे काम वेगळे होते. रंगाचा डबा घेऊन आलेल्या माणसाला बापूसाहेब माझ्याजवळ फिरकू देत नसत. मला त्याचा अभिमान वाटे.

मला काम करताना पाण्यात उभे राहावे लागते. तेल तापले की पातळ होते, म्हणून ते मोजताना पाणी बरोबर चाळीस अंशावर ठेवतात. आमच्या पाण्याच्या पेटीला झाकण होते, पाणी ढवळणारी छोटी मोटर होती आणि बाहेर एक लाल दिवा होता. पाणी तापत असले की दिवा पेटायचा. चाळीस अंश झाले की विझायचा. आत थर्मामीटरही होता, पण दिवाळीच्या साफसफाईत तो फुटला. बापूसाहेब म्हणाले, "दिवा आहे ना! दिवा विझला की चाळीस."

तेव्हापासून तीच रीत पडली. अदिती मोठी झाली, रसायनशास्त्र शिकली आणि आजोबांच्या हाताखाली काम करू लागली. बापूसाहेब खुर्चीतून विचारत, "दिवा विझला?" ती म्हणे, "विझला." मग घड्याळ सुरू होई.

आता त्या उन्हाळ्याबद्दल सांगते.

गोदावरीबाई आजारी पडल्या. त्यांचे हृदय थकले होते. मे महिन्याचे ऊन त्यांना सोसेना. प्रयोगशाळेला लागून मधली खोली होती, तिथे त्यांची खाट घातली. घरात कूलर एकच होता आणि तो आमच्या खोलीत होता. त्या दिवशी खुशालराव आले होते. खुशालराव बाळापूरचे शेतकरी. शेती मुलाकडे देऊन ते यंत्रांचे तेल विकत. सोमवारच्या सोमवारी या घरी चहा घेत आणि भाऊबीजेला गोदावरीबाईंकडून ओवाळून घेत. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि अदितीला म्हणाले, "पोरी, तू तिकून धर. वैनीले हवा पाह्यजे का तुह्या नळ्याले?"

त्यांनी स्वतःच्या हातांनी कूलर उचलून मधल्या खोलीत नेला. मधले दार लोटून घेतले. हे लक्षात ठेवा.

दोन-तीन दिवसांनी धामणगाव रेल्वेहून उत्तमराव आले. त्यांची कापसाची जिनिंग आहे. उन्हाळ्यात जिनिंग बंद असते, तेव्हा यंत्रे खोलतात आणि तेल बदलतात. त्यांनी खुशालरावांकडून तेलाचे ड्रम घेतले होते. पण कोणीतरी त्यांच्या कानात भरवले होते की यंदा त्या तेलात भेसळ आहे. उत्तमरावांच्या कानात भरवायला फारसे लागत नसे. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"मोजा, बापूसाहेब. गिअर घासले तं माहा हंगाम गेला. अन् हे पातळ निंघालं, तं खुशालरावचा एक ड्रम धामणगावात उतरू देणार नाई मी."

अदितीने तेल माझ्यात भरले. मला पाण्यात उभे केले.

"दिवा विझला?" बापूसाहेबांनी विचारले.

"विझलेलाच आहे."

तेल सुटले आणि माझ्यातून धावत खाली आले. यायला नको तितक्या लवकर आले. अदितीने पुन्हा भरले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही तेच. उत्तमरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मले आधीच शक होता," ते म्हणाले.

अदिती म्हणाली, "आबा, नळी तर बिघडली नसेल? जुनी झाली आहे."

मी घाबरले. जुन्या वस्तूवर एकदा संशय आला की तिची जागा अडगळीत असते. पण बापूसाहेबांनी मला उजेडात धरले, अगदी अमरावतीच्या दुकानात धरले होते तसे. ते म्हणाले, "नळी मळली तर तेल अडतं. धावत नाही. हिनं तर तेल धावतं सोडलं. नळी निर्दोष आहे."

मला हायसे वाटले. पण मित्रांनो, संशय खोलीतून जात नसतो. तो एकाला सोडतो आणि दुसऱ्याला धरतो. मी सुटले तेव्हा खुशालराव अडकले. खरे सांगायचे तर मलाही वाटले की त्यांनीच काहीतरी मिसळले असावे.

सोमवारी खुशालराव आले. अदितीने चहा दिला. बापूसाहेबांनी त्यांच्याकडे न पाहता विचारले, "खुशालराव, एक विचारतो. खरं सांगा."

"इचारा ना बाप्पा. आजपावतर खोटं सांगतलं का तुमाले?"

"उत्तमरावांच्या ड्रममध्ये पातळ तेल मिसळलं का?"

खुशालरावांचा कप ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"म्या? काहून मिसळू?"

"तुम्ही नाही, तर तुमच्या गोदामातलं कोणी."

"गोदामाची किल्ली माह्या करदोड्याले बांधली हाये. म्हंजे चोर मीच ना? सरळ म्हणा ना मंग!"

"नळी खोटं बोलत नाही."

"अन् मी बोलतो? वा रे वा! काचीवर भरोसा, अन् माणसावर नाई!"

मधल्या खोलीतून गोदावरीबाईंचा आवाज आला. आवाज बारीक होता, पण धार तीच होती. "अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या. फाशी मग द्या."

खुशालरावांनी कप खाली ठेवला. "वैनी, चा राहू द्या आज," ते म्हणाले आणि निघून गेले. चहावर साय धरली तरी कोणी तो कप उचलला नाही.

त्याच आठवड्यात नागपूरचा एक विक्रेता नवे यंत्र घेऊन आला. त्या यंत्रात एक दांडी द्रवात फिरते आणि द्रव तिला किती अडवतो त्यावरून पडद्यावर आकडे उमटतात. विक्रेता म्हणाला, "आठ दिवस वापरून बघा, पसंत पडलं तर ठेवा." जाताना माझ्याकडे पाहून हसला. मला तो मुळीच आवडला नाही. बापूसाहेबांनाही नाही. "विकायला आलेलं यंत्र आहे," ते म्हणाले, "त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस."

अदितीने तरी उत्तमरावांच्या बाटलीतले तेल घेतले. ते पाण्याच्या पेटीत बराच वेळ ठेवले आणि नव्या यंत्राखाली धरले. दांडी फिरली. पडद्यावर दाटपणाचा आकडा आला. तेल पातळच होते. खुशालरावांच्या दोषावर शिक्का बसला असे मला वाटले. पण त्या आकड्याखाली एक लहान आकडा होता. यंत्र तेलाचे तापमानही दाखवत होते. तो आकडा होता चव्वेचाळीस.

"आबा, हे चव्वेचाळीस दाखवतंय."

"सांगितलं ना. यंत्रच खोटं आहे."

अदितीने नव्या यंत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, बाटलीकडे पाहिले. तिला आता आमच्यापैकी कोणाचाच भरवसा वाटत नव्हता. मग तिने लाल दिव्याकडे पाहिले.

"आबा, हा दिवा आज पेटलेला तुम्ही पाहिला?"

"विझलेला आहे."

"विझलेला आहे, पण पेटला कधी होता?"

बापूसाहेब खुर्चीतून उठले. अदिती मधल्या खोलीत धावली आणि गोदावरीबाईंच्या उशाशी असलेला ताप मोजायचा थर्मामीटर घेऊन आली. तिने तो पाण्यात धरला. पारा सरसर चढला, बेचाळीसवर पोचला आणि पुढे रेघच नाही म्हणून थांबला. तिने तो चटकन बाहेर काढला.

"काय झालं गं?" आतून विचारणा झाली. "पाण्याला ताप भरला का?"

मित्रांनो, आता तुम्हाला कळले असेल. ती पेटी पाणी तापवू शकत होती, पण थंड करू शकत नव्हती. अकोल्याच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, कूलर नसलेल्या खोलीत पाणी आपोआपच चाळीसच्या वर गेले होते. ढवळणारी मोटर त्यात आणखी भर घालत होती. दिवा पेटायचे कारणच उरले नव्हते. तेल तापून पातळ झाले होते. मी खोटे बोलले नव्हते, नवे यंत्रही बोलले नव्हते आणि खुशालरावही बोलले नव्हते. ज्या दिव्यावर कोणी कधी संशय घेतला नाही, त्याचा अर्थ मात्र आम्ही सगळ्यांनी चुकीचा लावला होता.

बापूसाहेब भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून एस.टी.ने बाळापूरला गेले. तिथे ते काय बोलले ते मला माहीत नाही. संध्याकाळी दोघे बरोबर आले. खुशालराव बोलत नव्हते, पण आले होते.

अदिती म्हणाली, "कूलर पुन्हा इथे आणू आणि परत मोजू."

तेव्हा खुशालराव बोलले. "कूलर हालवाचा नाई. वैनीले गर्मी सोसत नाई. पहाटी मोजा. मी पहाटी येतो."

"अहो भाऊ, तासाभरानं मी मरत नाही," गोदावरीबाई आतून म्हणाल्या.

"तुमी चूप बसा, वैनी. तुमाले कोणी इचारलं?"

त्या हसल्या आणि हसताना त्यांना धाप लागली.

उत्तमरावांना फोन केला, तर त्यांना यातच काळेबेरे दिसले. "आता दुसऱ्या बाटलीतलं तेल मोजसान," ते म्हणाले. ते आदल्या दिवशीच अकोल्यात पाहुण्यांकडे येऊन राहिले आणि पहाटे आमच्या दारात उभे राहिले. "माही बाटली, माहा थर्मामीटर," त्यांनी बजावले. "तुमची फक्त नळी."

पहाटेच्या गारव्यात लाल दिवा पेटला. किती दिवसांनी पेटला! सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. मग तो विझला. उत्तमरावांनी पाण्यात वाकून आपला थर्मामीटर पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. चाळीस. अदितीने तेल सोडले. ते माझ्यातून सावकाश, आपल्या चालीने उतरले आणि वेळेवर खालच्या रेघेला टेकले.

"पटलं?" बापूसाहेबांनी विचारले.

"पटलं. पण अजून एक डाव करा."

दुसऱ्यांदाही तेच आले. उत्तमरावांनी खुशालरावांकडे पाहिले. "ड्रम ठेवून घेतो," ते म्हणाले. "राग नका ठेवू."

"ठेवीन," खुशालराव म्हणाले. "दिवाळीपावतर ठेवीन. मंग पाहू." आणि ते चहा प्यायला मधल्या खोलीत गेले.

अदितीने नवे यंत्र परत केले नाही. सॉस आणि लोणच्याचा मसाला ढवळला की त्यांचा दाटपणा बदलतो, ते काम माझे नाही. ते तिने यंत्राला दिले. तेल माझ्याकडेच ठेवले. पाण्यात नवा थर्मामीटर आला. आता बापूसाहेब "दिवा विझला?" असे विचारत नाहीत. "किती आहे?" असे विचारतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन माझ्यासारखी साधने निवडाल तेव्हा आधी विचारा, काय मोजायचे आहे. मग विचारा, कोणत्या जागी मोजायचे आहे. आम्हाला स्वच्छ ठेवा, दर वर्षी तपासा, आमच्यावर संशयही घ्या. आम्ही रागावत नाही. पण माणसावर बोट ठेवायच्या आधी आपली खोली किती तापली आहे ते एकदा पाहा. काच पुसली की निर्मळ होते. त्या सोमवारचा चहा मात्र पुन्हा गरम झाला नाही.

गोदावरीबाई वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, शनिवार, बावीस जून दोन हजार चोवीस रोजी दुपारी वारल्या. खुशालराव तेव्हा उशाशी बसलेले होते. कूलर चालू होता.