दोन इंच उंच गाडी

“डिकीत काय भरलंय?” इन्स्पेक्टर मिगेलनं विचारलं आणि मोरेश्वर खांबेटे गडबडीनं डिकीकडे वळले.

तपासणी केंद्रात गाडीचे दिवे समोरच्या भिंतीवरच्या रेघेच्या चांगलेच वर पडत होते. काचेवर आधीच नापासाचा स्टिकर होता. दुरुस्तीला मिळालेल्या पंधरा दिवसांतला आज चौदावा.

मोरेश्वररावांनी नाशिकच्या कारखान्यात तीस वर्षं गाड्यांच्या स्प्रिंगांची ड्रॉइंगं काढली आणि निवृत्त झाल्यावर ते अमेरिकेत हर्नडनला लेकीकडे आले. गेल्या वर्षी पत्नी शोभनाताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून घरची जुनी सेडान त्यांना फार खाली आणि जावयाची एसयूव्ही फार वर. दोन्हीकडे दोघांनी धरून बसवावं लागे. “गाठोड्यासारखं उचलता मला,” असं एकदा म्हणाल्या आणि त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. मोरेश्वररावांना ते बघवेना. त्यांनी बायको बसते त्या खुर्चीची उंची मोजली आणि लांब स्प्रिंगा नि मोठी चाकं घालून सेडान दोन इंच उचलून घेतली.

पहिल्या तपासणीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्याबरोबर टायर आतल्या प्लास्टिकला घासला.

“बाबा, सोडून द्या ना,” ऋता म्हणाली. “आपण दुसरी गाडी लीजवर घेऊ. किती स्ट्रेस घेता!”

“ती आईच्या मापाची असेल का? ही मी मापानं केलीय.”

माणूस तसा मवाळ, पण स्प्रिंगांचा विषय निघाला की ऐकायचा नाही. त्यांनी अरुंद टायर घातले. आता पूर्ण भार घालून बघायचं होतं, पण घरचे सगळे ऑफिसात नि शाळेत. मंडळाच्या महाप्रसादाचा तांदूळ मात्र यांच्याच गॅरेजात होता. वीस पौंडांच्या अठरा पिशव्या डिकीत रचून त्यांनी मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये गाडी गरागरा फिरवली. कुठे घासली नाही. त्या आनंदात पिशव्या काढायच्या राहिल्या आणि मागून दबलेली गाडी तशीच तपासणीला आली.

मिगेलनं डिकी उघडली. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी चिकटवलेली होती.

“हे काय लिहिलंय?”

“या सहा माझी मुलगी. या नऊ जावई,” मोरेश्वरराव ओशाळून म्हणाले. “या तीन आमची नात.”

मिगेल हसला नाही. “मग यांना खाली उतरवू या,” एवढंच म्हणाला.

दोघांनी पिशव्या उतरवल्या आणि दिवे बरोबर रेघेवर आले. मिगेलनं स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं, मग नवा स्टिकर हातात घेतला. इथे गप्प बसायचं, हे कोणालाही कळलं असतं.

“थांबा,” मोरेश्वरराव म्हणाले. “पिशव्या परत चढवा आणि मग वळवून बघा.”

“सर, कायदा एवढं मागत नाही.”

“मी मागतोय. माझी बायको बसणार आहे यात.”

मिगेलनं मुलीच्या चिठ्ठीची एक पिशवी खांद्यावर घेतली. सगळा तांदूळ परत चढला. तो आत बसला, मोरेश्वरराव चाकापाशी कान देऊन उभे राहिले. स्टिअरिंग डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. कसलाही आवाज झाला नाही. तीस वर्षांत कुठलं ड्रॉइंग मंजूर झाल्यावर मोरेश्वररावांना एवढा आनंद झाला नव्हता.

“सर, या वर्षी मी सगळ्यात कडक तपासून पास केलेली गाडी ही,” मिगेल काचेवर स्टिकर लावत म्हणाला.

घरी शोभनाताई वॉकर घेऊन ड्राइव्हवेवर आल्या. ऋता हात द्यायला पुढे धावली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या.

वॉकर बाजूला करून त्या सीटवर टेकल्या, न वाकता, खुर्चीत बसावं तशा. एक पाय आत घेतला. थांबल्या. मग दुसरा घेतला.

“अहो, बसा ना,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “उभे काय राहिलात?”

आणि त्यांनी दार स्वतःच ओढून घेतलं.