चंद्रीची शिकवणी

जलीलभाईंना स्पॅनिश येते, याबद्दल उत्रोलीत कुणाला शंका नव्हती. शंका होती ती एवढीच, की ही बोलायची भाषा आहे का नुसती भांडायची. तरणेपणी ते मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत तेलपाणी बघायचे आणि वरचा साहेब होता स्पॅनिश. त्या धडधडाटात जे कानावर पडलं ते ओरडूनच पडलं, अन ह्यांनीही ते ओरडूनच पाठ केलं. पुढं गावी येऊन भाताची खाचरं धरली आणि भाषा गंजली ती गंजलीच.

आता लेक शाहीन वालेन्सियाला. नर्स म्हणून गेली आणि तिथल्याच मुलाशी संसार थाटून बसली. तिची पोर फौजिया नुकती शाळेत जायला लागलेली, पण मराठीचा एक शब्द कळेल तर शपथ. जलीलभाई आणि जन्नतबी तिला पहिल्यांदाच भेटायला निघणार होते. व्हिसा झाला, तिकिटं झाली, आंबेमोहोर बांधून झाला. घोडं अडलं ते भाषेपाशी.

व्हिडिओ कॉलवर नात दिसली रे दिसली, की जलीलभाई छाती भरून घेत आणि "ओला, फौजिया!" असा स्पॅनिश नमस्कार घालून असे गरजत की पोर थेट सोफ्यामागं. हौस दांडगी आणि आवाज त्याहून दांडगा. पुढंपुढं तर फोन वाजला की ती आधीच जाऊन लपायची, आणि इकडं आजोबा रिकाम्या सोफ्याकडं बघत बसायचे. एवढा समुद्र ओलांडून जायचं आणि सोफ्याची पाठ बघून परत यायचं, ह्याला काय अर्थ आहे?

हळू बोला म्हणून जन्नतबी सांगून थकल्या. पण हळू बोलायला गेलं की शब्दच आठवायचे नाहीत. बॅटरी उतरलेल्या जीपगाडीसारखं, धक्का दिल्याशिवाय काही चालूच होत नव्हतं. शेवटी बाईंनी वैतागून नवऱ्याच्या हातात दुधाची बादली दिली.

"चंद्रीपुढं बोला. ती काय हसायची न्हाई. अन वराडलासा तर पान्हा चोरंल, मग बसा कोरा चहा पीत."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. मास्तरीण लई कडक निघाली. जरा आवाज चढला की मागचा पाय आपटायची आणि दूध वर ओढून घ्यायची. घरात कोरा चहा उकळत राहिला. मग हळूहळू जलीलभाईंचा आवाज उतरला, गंजलेले शब्द एकेक करून सुटे झाले. कासेला हात लावून ते पुटपुटायचे, "नो तेंगास मिएदो, रेइना. आकी एस्तोय." म्हणजे भिऊ नको गं राणी, मी हितंच हाय. चंद्री कान पाडून उभी राहायची आणि बादलीत धारा वाजायला लागायच्या.

पण हातात मोबाईल आला की जहाज पुन्हा सुरू. अहो, एवढ्या लांब ऐकू जायला नको का?

त्यात नवाच घोळ झाला. चंद्रीला स्पॅनिशची इतकी चटक लागली की जन्नतबींनी कितीही गोंजारलं तरी मराठीवर थेंब देईना. ही दोघं गेल्यावर धार काढणार होता शेजारचा सोनबा. म्हैस परक्या हाताला बधत नसली की नेहमीच्या धार काढणाऱ्याचे कपडे घालून बसायचं, ही तर गावची जुनी रीत. सोनबानं जलीलभाईंचा चौकड्याचा शर्ट चढवला, त्यांचं अत्तर लावलं आणि रोज संध्याकाळी गोठ्यात शिकवणीला बसला. "नो तेंगास मिएदो गं बया," असं तो मनापासून म्हणायचा. डेअरीवर लोक त्याला व्हिसा कधी आला म्हणून विचारायला लागले. चंद्रीनं मात्र शर्ट हुंगला, भाषा ऐकून घेतली आणि पाय आपटला.

निघायच्या दिवशी जीप दारात उभी, आणि चंद्रीची कास तटतटलेली. रेडकू हंबरून हंबरून दमलं. सोनबा घामानं निथळत होता. गाडीत बसा म्हणून जन्नतबी करवादल्या, पण जलीलभाई नवे बूट घालून शेणातनं आत शिरले आणि सोनबाच्या मागं उकिडवे बसले. मुकं जनावर असं तटलेलं ठेवून त्यांचा पाय निघेना.

तेवढ्यात शाहीनचा फोन आला, निघालात का म्हणून. तुझ्या बापाचे प्रताप बघ म्हणत जन्नतबींनी मोबाईल गोठ्याकडं धरला. जलीलभाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

"नो तेंगास मिएदो, रेइना," ते म्हशीच्या पोटावरून हात फिरवत म्हणाले. "आकी एस्तोय."

चंद्रीनं कान पाडले. सोनबाच्या बादलीत पहिली धार वाजली. आणि मोबाईलमधनं एक बारका आवाज आला, "या नो तेंगो मिएदो, अबुएलो."

आता नाही मी भीत, आजोबा.

जलीलभाई वळले. पोर सोफ्यामागनं पुरती बाहेर आली होती आणि सगळा चेहरा काचेला लावून त्यांच्याकडं बघत होती. तिला वाटलं होतं, हे सगळं आपल्याशीच चाललंय. आनंदानं त्यांनी छाती भरून घेतली, आता गरजणार, इतक्यात चंद्रीनं पाय आपटला. भरलेली हवा त्यांनी हळूच सोडून दिली.

"आकी एस्तोय," ते नातीला म्हणाले, अगदी हळू.

"जावा आता जलीलभाई," सोनबा धार न थांबवता म्हणाला. "दोघींनी बी ऐकलं. उद्यापास्नं धारंच्या टायमाला तिकडनं फोन लावा, आजानातीनं मिळून बोला."

हमरस्त्यावरचं कापूरहोळ येईपर्यंत जलीलभाई रडत होते आणि जीपभर शेणाचा वास सुटला होता. जन्नतबींनी त्यांच्या हातात रुमाल दिला आणि बजावलं, ते बोलणं म्हशीला होतं हे पोरीला जन्मात सांगायचं न्हाई. जलीलभाईंनी मान हलवली, डोळे पुसले आणि हळू आवाजात विचारलं, की म्हशीला तरी कुठं होतं?