दिवसाला शंभर माना

परवाना आला त्या दिवशी मी टपाल कचेरीतच नाचले. एकसष्ट वर्षांची बाई, पायात रबरी बूट, हातात न फोडलेलं पाकीट. खिडकीपलीकडची बाई म्हणाली, आत नकार नाही ना ते तरी आधी बघा. नकार नव्हता.

परवाना माझ्या भाचीचा, फेव्रोनियाचा. दर उन्हाळ्यात आमच्या बेटावर सीलांचा अभ्यास करायला बाहेरची माणसं येतात. परवाना त्यांच्या नावाचा असतो, काठ्या आणि दोर वाहायला आम्ही. स्वतःच्या नावाने सरकारकडे अर्ज करणारी बेटावरची ही पहिलीच. चौदा महिने लागले. मधे लोकांच्या हरकती मागवल्या, तेव्हा मुख्य भूमीवरच्या एका गृहस्थांनी विचारलं की सीलने तुमच्याकडे नुसती मान वर करून पाहिलं तर तो त्रास धरणार का? फेव्रोनियाने प्रामाणिकपणे लिहिलं, धरणार. झालं! परवान्यात अटच पडली: दिवसाला जास्तीत जास्त शंभर माना.

आम्हाला घाई होती एका तरुण नराची. खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी त्याच्या गळ्यात रुतली होती. तीन आठवडे आम्ही त्याला दुर्बिणीतून बघत होतो. हात लावायची मुभा नव्हती. जखम रोज थोडी जास्त लाल दिसायची.

भाचीने परवान्यावर सही ठोकली आणि तासाभरात आम्ही किनाऱ्यावर पोटावर सरपटत होतो. तिच्याकडे फासाची लांब काठी, माझ्याकडे मोजायचा खटका. एक मान वर झाली की एकदा दाबायचा. धुक्यामुळे नशीब जोरावर होतं. निम्मं अंतर कापलं तरी एकवीसच झाल्या होत्या.

मग मला शिंक आली.

समोरचा अख्खा किनारा आमच्याकडे बघू लागला. मी दाबतेय, दाबतेय, अंगठा दुखायला लागला.

"किती झाल्या, मावशी?" तिने न वळता विचारलं.

"ब्याण्णव."

"एका शिंकेच्या एकाहत्तर?"

"शिंक माझी असली तरी परवाना तुझा आहे. पुढे बघ."

तिचे खांदे हलायला लागले. हसतेय हे कळल्यावर मलाही राहवेना. दोघींनी बाह्या तोंडात कोंबल्या. कशाबशा थांबलो आणि तो नर पुन्हा पेंगायची वाट पाहिली. मग तिने फास टाकला, तो अचूक बसला. मी काठी धरून ठेवली, तिने आकडीसारख्या वाकड्या सुरीने एका झटक्यात पट्टी कापली आणि फास सैल केला. सुटल्या सुटल्या त्याने तिच्या बुटाला चावा घेतला, बूट पायातून उपसला आणि तो घेऊनच पाण्याकडे पळाला. काठावर टाकून दिला आणि लाटेत गेला.

खटक्यावर सत्त्याण्णव.

बूट तिथून वीस पावलांवर. मधे सात माद्या झोपलेल्या.

"राहू दे," भाची कुजबुजली. "बुटाचा परवाना कुठाय आपल्याकडे?"

तिथून किनाऱ्यामागच्या टेकाडापर्यंत आम्ही कशा आलो ते आमचं आम्हाला ठाऊक. ती एका मोज्यावर, मी ओठ दाताखाली धरून. नाकातून जरा आवाज निघाला तर एका म्हाताऱ्या मादीने डोकं उचललंच. अठ्ठ्याण्णव. टेकाडापलीकडे गवतात पडलो आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मधेच ती रडायला लागली, मग पुन्हा हसायला लागली. मी तिचा गार पडलेला पाय मांडीवर घेऊन चोळत बसले.

पाच दिवसांनी तो नर दुर्बिणीत सापडला. पोट वर करून झोपला होता, जखमेवर खपली धरली होती.

आता फेव्रोनियाने समुद्रसिंहांसाठी अर्ज केलाय. त्यांतला एकेक माझ्या गाडीएवढा असतो. सोबतीच्या संशोधकांच्या रकान्यात तिने मला न विचारता माझं नाव घातलंय, आणि शिक्षणाच्या जागी लिहिलंय: एकसष्ट वर्षं, याच किनाऱ्यावर.